राजाला लिहिलेलं पुस्तक राजाच्या हाती पोचलं का?

राजाला उद्देशून लिहिलेला मजकूर, राजाला द्यायला म्हणून तयार केलेली प्रत आणि राजाच्या हातात खरोखर पडलेली प्रत, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्ययुगीन इंग्लंडच्या हस्तलिखितांवर लिहिणारे बरेच जण त्यांची सर्रास सरमिसळ करतात. मजकुरात 'महाराज' दिसलं की 'राजाची प्रत' असा शिक्का मारून मोकळे होतात. म्हणून ही तपासणी कशी करायची, कुठे फसायला होतं आणि का, हे जरा तपशिलात लिहितो आहे.

सर्वात सोपी फसगत आधी. बीड या भिक्षूने ७३१ मध्ये पुरा केलेला इंग्लिश चर्चचा इतिहास नॉर्थम्ब्रियाचा राजा चेओलवुल्फ याला अर्पण केला. प्रस्तावनेतच तो सांगतो की आधी कच्चा मसुदा राजाकडे वाचायला पाठवला होता, आता नक्कल करून घ्यायला पुन्हा पाठवतो आहे. म्हणजे राजाकडे निदान एक प्रत गेली असणार. पण आज त्या काळाच्या जवळपासच्या ज्या दोन प्रती शिल्लक आहेत, एक केंब्रिजला आणि एक सेंट पीटर्सबर्गला, त्यांतली कोणतीही राजाची म्हणून दाखवता येत नाही. आल्फ्रेड राजाचं चरित्र ॲसर नावाच्या वेल्श बिशपने ८९३ मध्ये त्यालाच अर्पण केलं. त्याची अर्वाचीन काळापर्यंत टिकलेली एकुलती एक जुनी प्रतही मागाहून केलेली नक्कल होती, आणि तीसुद्धा २३ ऑक्टोबर १७३१ च्या आगीत लंडनच्या ॲशबर्नहॅम हाऊसमध्ये जळाली. आज आपण वाचतो तो मजकूर त्याआधी झालेल्या नकला आणि छापील आवृत्ती यांच्यावर उभा आहे.

आपल्याकडे पोथ्या हाताळलेला माणूस सवयीने आधी शेवटचं पान उघडतो, कारण पुष्पिका तिथे असते: लेखकाचं नाव, शक, तिथी, गाव. इंग्लिश हस्तलिखितांत ती सवय फारशी उपयोगी पडत नाही. नकलनवीस बहुधा नाव-तारीख घालत नाहीत. इथे सुरुवातीपासून बघायचं: अर्पणपत्र, त्याशेजारचं चित्र, पहिलं मोठं अक्षर आणि समासातल्या ढाली, म्हणजे घराण्यांची चिन्हं.

चित्र दिसलं की माणूस पटकन विरघळतो. सिंहासनावर राजा, समोर गुडघे टेकलेला लेखक, दोघांच्या मध्ये पुस्तक. या प्रकारातलं इंग्लंडशी जोडलेलं एक फार जुनं चित्र इंग्लंडची राणी एमा हिच्या स्तुतिग्रंथात आहे. १०४१-४२ च्या सुमारास फ्लँडर्सच्या एका भिक्षूने तो एमासाठी लॅटिनमध्ये लिहिला. चित्रात मुकुट घातलेली एमा बसली आहे, लेखक पुस्तक पुढे करतो आहे आणि तिचे दोन मुलगे, हार्थाकनूट आणि एडवर्ड, बाजूने डोकावताहेत. (एमाचा पहिला नवरा राजा एथेलरेड, दुसरा राजा कनूट. एडवर्ड त्याचा मुलगा. ग्रंथात त्या नवऱ्याचं नावच नाही! कोणाच्या पैशाने लिहिलं जातंय हे इतक्या स्पष्टपणे क्वचित दिसतं.)

पण चित्र हा पुरावा नव्हे, कारण चित्राचीही नक्कल होते. टॉमस हॉक्लीव्हचं उदाहरण घ्या. हा राजाच्या खाजगी मोहोरेच्या कचेरीतला कारकून. त्याला वर्षाला वीस मार्क, म्हणजे १३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स, इतकं नेमणुकीचं वेतन मंजूर होतं आणि ते वेळेवर मिळत नव्हतं. १४१०-११ मध्ये त्याने युवराज हेन्रीसाठी, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीसाठी, राजधर्मावर साडेपाच हजार ओळींच्या आसपास काव्य लिहिलं. त्यात पोट, पाठ आणि डोळे या तिघांची लिहिण्याने कशी वाट लागते हेही आहे आणि थकलेल्या वेतनाची आठवणही आहे. चाळीसहून जास्त प्रती उरल्या आहेत. ब्रिटिश लायब्ररीतल्या 'रॉयल १७ डी सहा' या प्रतीत लेखक युवराजाला पुस्तक देतो आहे असं चित्र आहे. पण ही प्रत पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या पावातली. पाचवा हेन्री १४२२ मध्येच वारला. त्या प्रतीतल्या ढाली ॲरंडेलच्या अर्ल घराण्याच्या आहेत. म्हणजे पुस्तक सरदाराचं आणि चित्र जुन्या प्रसंगाचं.

उलट तिथलीच 'ॲरंडेल ३८' (हे इथे संग्रहाचं नाव) ही युवराजाच्या हयातीतली, उत्तम कारागिरीची प्रत. तिच्यातलं चित्र सदतिसाव्या पानावर आहे. पण गुडघे टेकलेला माणूस कारकून वाटावा इतका साधा नाही, अंगावर भारी झगा आहे. काहींच्या मते तो हॉक्लीव्हच. काहींच्या मते युवराजच पुस्तक देतो आहे आणि घेणारा तरुण सरदार जॉन मोब्रे आहे. मला दुसरं मत जास्त पटतं, कारण तुंबलेल्या पगाराचं रडगाणं गाणाऱ्या माणसाला चित्रकार असा नटवणार नाही. हॉक्लीव्हने याच काव्यात आपला गुरू चॉसर याचं चित्र समासात काढून घेतलं होतं. ते 'हार्ली ४८६६' मध्ये शाबूत आहे. 'ॲरंडेल ३८' मधलं ते पान कोणीतरी कापून नेलं.

चित्रापेक्षा ढाली जास्त खरं बोलतात, पण त्या मोजाव्या लागतात. इंग्लंडच्या राजचिन्हात १३४० पर्यंत तांबड्या पार्श्वभूमीवर तीन सोनेरी सिंह एवढंच असतं. जानेवारी १३४० मध्ये तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि ढालीचे चार भाग झाले: पहिल्या आणि चौथ्या भागात निळ्यावर फ्रान्सची सोनेरी लिली, दुसऱ्या आणि तिसऱ्यात सिंह. आधी या लिली ढालभर विखुरलेल्या, कडेला अर्धवट कापलेल्याही दिसतात. १४०६ च्या सुमाराला चौथ्या हेन्रीने फ्रान्सच्या राजासारख्याच त्या तीनवर आणल्या. मोठ्या आकाराच्या ढालीत नेमक्या तीन लिली दिसल्या तर प्रत बहुधा पंधराव्या शतकातली किंवा नंतरची. मात्र अंगठ्याच्या नखाएवढी ढाल असेल तर चित्रकार जागेअभावीही तीनच काढतो, तिथे या मोजणीवर भिस्त ठेवू नका. दुसऱ्या रिचर्डने १३९५ नंतर अर्ध्या ढालीत एडवर्ड द कन्फेसरचं, म्हणजे वर आलेल्या एमाच्या मुलाचं चिन्ह, क्रूस आणि पाच पक्षी, जोडून घेतलं. असं चिन्ह दिसलं तर चार-पाच वर्षांच्या पट्ट्यात येता येतं. त्याचं खाजगी चिन्ह असलेलं पांढरं हरीणही असंच उपयोगी. १३९५ मध्ये रॉजर डिमोकने लोलार्ड या चर्चविरोधी पंथाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक रिचर्डला दिलं. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमधल्या त्या प्रतीत राजाच्या ढालीसोबत पांढरी हरणं आहेत.

युवराजाची ढाल राजासारखीच असते, फक्त वर तीन दातांची पांढरी पट्टी येते. इथे एक घोळ होतो. पांढऱ्यासाठी चांदीचा वर्ख लावला असेल तर तो काळा पडतो, आणि बघणाऱ्याला काळी पट्टी दिसून दुसरंच घराणं आठवतं. सफेदाही हवेतल्या गंधकाने काळवंडतो. जुन्या यादीत 'काळी' लिहिलेली पट्टी मुळात पांढरी होती का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता पुस्तक बनतं कसं ते बघू, कारण प्रत राजासाठी होती का याचे निम्मे पुरावे बांधणीत असतात. कातडं बहुतेक वासराचं किंवा मेंढीचं. चुन्याच्या पाण्यात काही दिवस भिजवून केस काढायचे, चौकटीवर ताणायचं, चंद्राकृती सुरीने खरवडायचं आणि ताणलेलंच वाळू द्यायचं. मोठ्या आकाराच्या पुस्तकात एका कातड्यातून एकच जोडपान निघतं, मध्यम आकारात दोन. चार जोडपानं एकात एक घालून दुमडली की आठ पानांचा एक जुडगा होतो. १२० पानांच्या पुस्तकाला असे १५ जुडगे, म्हणजे ६० जोडपानं लागतात. पुस्तक मोठं असेल तर साठ वासरं! जुडग्यात केसांची बाजू केसांच्या बाजूला आणि मांसाची मांसाला लावतात, म्हणजे उघडल्यावर समोरासमोरची पानं एका रंगाची दिसतात. केसांची बाजू किंचित पिवळी आणि ठिपकेदार असते. समोरासमोर दोन वेगळ्या छटा आल्या की तिथलं पान गेलेलं तरी आहे किंवा मागून घुसडलेलं तरी.

ही खूण अर्पणपत्रापाशी फार कामाला येते. मजकूर आधी लिहून होतो, कोणाला द्यायचं ते नंतर ठरतं किंवा बदलतं, आणि मग अर्पणपत्र दोन किंवा चार पानांच्या वेगळ्या जुडग्यावर लिहून पुढे शिवतात. तपासायचं असं: आठ पानांच्या जुडग्यात शिवणीचा दोरा चौथ्या आणि पाचव्या पानाच्या मध्ये दिसतो, पुढे बाराव्या आणि तेराव्याच्या मध्ये. दोरा दुसऱ्याच पानापाशी दिसला तर पहिला जुडगा वेगळा आहे. जुडग्याच्या शेवटच्या पानाखाली पुढच्या जुडग्याचा पहिला शब्द लिहून ठेवलेला असतो, जोडणाऱ्याच्या सोयीसाठी. तो शब्द पुढच्या पानाशी जुळत नसेल तर तिथे काहीतरी घडलं आहे.

शाई माजूफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक यांची. जुन्या कृतींत प्रमाणं बदलतात, पण तीन भाग माजूफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक हे बरंच आढळतं. हिराकस जास्त झाला तर शाई आम्ल होऊन पान खाते, डिंक कमी पडला तर अक्षरांच्या खपल्या निघतात. लेखक अक्षरांसाठी आणि चित्रांसाठी जागा सोडत जातो. मग चित्रकार शिशाने रेखाटन करतो, आणि रंगांच्या आधी सोनं लावतो. खडू किंवा प्लॅस्टर, थोडा सफेदा, सरस आणि किंचित साखर किंवा मध यांचा थर द्यायचा, वाळला की त्यावर तोंडाने वाफ सोडायची, थर जरा चिकट झाला की वर्ख टेकवायचा आणि जनावराच्या दाताने किंवा अकीकाने घोटायचा. हा क्रम उलटला तर वर्ख रंगावर चिकटून बसतो आणि घोटताना रंग उखडतो. नंतर लाजवर्द, हिंगूळ, शेंदूर, जंगाल. लाजवर्द बदख्शानच्या खाणीतून यायचा, त्यामुळे निळ्याचा दर्जा हा खर्चाचा चांगला अंदाज देतो. जंगाल हिरवा सुंदर दिसतो पण कातडं खातो. काही पानांत हिरव्याच्या जागी चक्क भोकं असतात.

या सगळ्याला महिने लागतात आणि तेवढ्यात राजा बदलू शकतो. वॉल्टर डी माइलमीट या राजाच्या कारकुनाने १३२६-२७ मध्ये तिसऱ्या एडवर्डसाठी केलेलं राजगुणांवरचं पुस्तक ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये आहे, क्रमांक ९२. ही ऐन धामधुमीतली गोष्ट: दुसऱ्या एडवर्डला जानेवारी १३२७ मध्ये उतरवलं आणि १ फेब्रुवारीला चौदा वर्षांच्या मुलाचा राज्याभिषेक झाला. काही पानांवरचं काम अर्धवटच राहिलं. त्यामुळेच ही प्रत शिकणाऱ्याला फार उपयोगी आहे: कुठे नुसतं रेखाटन, कुठे रंगाचा पहिला हात. याच पुस्तकात शेवटाकडे एका पानाच्या तळाशी सुरईच्या आकाराची तोफ आहे, तोंडातून बाण बाहेर येतोय आणि चिलखतातला शिपाई लांब दांड्याने बत्ती देतोय. युरोपात तोफेचं हे सर्वात जुन्या चित्रांपैकी एक. गंमत म्हणजे मजकुरात तोफेबद्दल अवाक्षर नाही. चित्रं बघितली तर युद्धसाहित्याची हौस चित्रकारालाच जास्त असावी असं वाटतं. एडवर्डने हे पुस्तक उघडून पाहिलं, असं या प्रतीवरून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

राजा बदलला की लेखकापुढे तीन वाटा असतात. पहिली, शेवट बदलायचा. एमाच्या ग्रंथाचा मूळ शेवट आई आणि दोन्ही मुलगे गुण्यागोविंदाने राज्य करताहेत असा आहे. जून १०४२ मध्ये हार्थाकनूट वारला आणि एडवर्ड राजा झाला. २००८ मध्ये डेव्हनमधल्या एका जुन्या संग्रहात सापडलेल्या नकलेत शेवट बदललेला आहे: आता गौरव एडवर्डचा. ती प्रत पुढे कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत गेली.

दुसरी वाट, अर्पण खरवडून दुसरं नाव घालायचं. कवी जॉन गॉवरने १३९० मध्ये पूर्ण केलेल्या इंग्लिश काव्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं की थेम्स नदीवर दुसऱ्या रिचर्डने आपल्याला नावेत बोलावून काहीतरी नवं लिहायला सांगितलं. दोन-तीन वर्षांतच त्याने तो प्रसंग काढून टाकला आणि काव्य हेन्री ऑफ लँकेस्टरकडे वळवलं. हाच हेन्री १३९९ मध्ये रिचर्डला हटवून राजा झाला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातली 'फेअरफॅक्स ३' प्रत आधी जुन्या पाठाची होती, तिची सुरुवात आणि शेवट नंतर दुसऱ्या हातांनी बदललेले आहेत. कातड्यावर खरवडलेली जागा ओळखायला सोपी: लव उठते, नवी शाई किंचित फुटते, ओळींची आखणी पुसट होते. अतिनील प्रकाशात खालचं अक्षर बरेचदा वाचताही येतं. पण रिचर्डचं नाव असलेला पाठ १३९९ नंतरही नकलला जात राहिला, म्हणून केवळ अर्पणातल्या नावावरून प्रतीचं वर्ष ठरवू नका.

तिसरी वाट, नवं पुस्तकच लिहायचं. जॉन हार्डिंग या म्हाताऱ्या शिपायाने ती पत्करली. पाचव्या हेन्रीने स्कॉटलंडची टेहळणी करायला पाठवलं, त्याबद्दल नॉर्थम्प्टनशरमधली गेडिंग्टनची जहागीर कबूल केली आणि ती मिळाली नाही, असं त्याचं गाऱ्हाणं. १४५७ मध्ये त्याने जवळपास १९ हजार ओळींचा पद्य इतिहास सहाव्या हेन्रीला दिला. त्या प्रतीत, 'लॅन्सडाउन २०४' मध्ये, स्कॉटलंडचा रंगीत नकाशा आहे आणि कोणत्या गावाहून कोणतं गाव किती मैल, सैन्य कुठून न्यावं, याची माहिती आहे. नजराणा वाया गेला नाही, त्याला वर्षाला २० पौंडांची नेमणूक मिळाली. पण थोड्याच वर्षांत प्रतिस्पर्धी यॉर्क घराणं वर आलं. मग हार्डिंगने इतिहास खूप आटोपशीर करून ड्यूक ऑफ यॉर्ककडे वळवला, आणि तो मारला गेल्यावर त्याचा मुलगा चौथा एडवर्ड याच्याकडे. सोबत स्कॉटलंडच्या राजांनी इंग्लंडचं मांडलिकत्व मान्य केल्याची कागदपत्रं त्याने दरबारात दिली होती. त्यांतली बरीच बनावट असल्याचं एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालं. राजाला दिलेलं पुस्तक हा बऱ्याचदा अर्ज असतो, आणि अर्जदाराचं म्हणणं डोळे झाकून स्वीकारू नये.

पुस्तक राजवाड्यात पोचल्याचा खरा पुरावा यादीत मिळतो. जुन्या यादीकारांची एक हुशार पद्धत होती. एकाच ग्रंथाच्या सगळ्या प्रती सारख्याच शब्दांनी सुरू होतात, म्हणून ते दुसऱ्या पानाचे पहिले शब्द टिपून ठेवत. अक्षराचा आकार आणि ओळींची संख्या दर प्रतीत वेगळी, त्यामुळे दुसरं पान नेमकं त्याच शब्दावर सुरू होणारी दुसरी प्रत मिळणं अवघड. आठव्या हेन्रीच्या वेस्टमिन्स्टरच्या वाड्यातल्या पुस्तकांची १५४२ ची यादी आहे, आणि त्या काळी घातलेले क्रमांक पहिल्या पानांच्या वरच्या भागात अजून दिसतात. असा क्रमांक सापडला तर पुस्तक राजाकडे होतं एवढं पक्कं. केव्हा आलं ते मात्र त्यावरून कळत नाही, कारण हेन्रीने देशातले मठ बंद केले तेव्हा तिथून उचलून आणलेली पुस्तकंही त्याच फडताळांत होती.

'रॉयल', 'कॉटन', 'हार्ली', 'ॲरंडेल' ही नावं नंतरच्या काळातला संग्रह सांगतात, पहिला मालक नव्हे. दुसऱ्या जॉर्जने १७५७ मध्ये राजघराण्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला, तो 'रॉयल'. सहाव्या हेन्रीसाठी बरी सेंट एडमंड्सच्या मठाने तिथला कवी-भिक्षू लिडगेट याच्याकडून लिहून घेतलेलं संत एडमंडचं चरित्र राजाची प्रत म्हणून सगळे मानतात. बारा वर्षांचा राजा १४३३ च्या नाताळापासून १४३४ च्या वसंतापर्यंत तिथे मुक्कामाला होता, आणि पुस्तकात शंभराहून जास्त चित्रं आहेत, त्यांत तो स्वतःही दिसतो. तरी त्याचा क्रमांक 'हार्ली २२७८'.

बांधणी सहसा टिकत नाही. मखमल झिजते, चांदीच्या चकत्या लोक काढून नेतात, आणि अठराव्या शतकात ग्रंथालयांनी जुनं वेष्टण फेकून नवं चामडं चढवलं. म्हणून फ्रोआसार या फ्रेंच कवी-इतिहासकाराने १३९५ मध्ये दुसऱ्या रिचर्डला दिलेल्या कवितांच्या पुस्तकाचं त्याने स्वतः केलेलं वर्णन मोलाचं: तांबडी मखमल, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले दहा खिळे, मध्ये सोनेरी गुलाब, दोन मोठ्या सोनेरी कड्या. राजाने पुस्तक कशाबद्दल आहे विचारलं, प्रेमाबद्दल म्हटल्यावर खूश झाला आणि ते आपल्या खोलीत पाठवलं. पुस्तक हाती पडल्याचा इतका स्वच्छ वृत्तांत दुर्मिळ. पण ती प्रत आज कोणती, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

सगळ्या कसोट्यांना उतरणारं एक पुस्तक बघायचं असेल तर 'रॉयल ७ डी दहा'. बारा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथने सावत्र आई कॅथरिन पार हिच्या इंग्लिश प्रार्थना लॅटिन, फ्रेंच आणि इटालियनमध्ये उतरवून वडिलांना, आठव्या हेन्रीला, नववर्षाची भेट म्हणून दिल्या. अक्षर तिचं, लॅटिन अर्पणपत्र तिचं, खाली ठिकाण हर्टफर्ड आणि तारीख ३० डिसेंबर १५४५, वर भरतकाम केलेलं तांबडं वेष्टण. इथेही तारखेकडे लक्ष हवं: भेटी १ जानेवारीला देत, पण इंग्लंडमध्ये सनाचा आकडा २५ मार्चला बदलत असे. डिसेंबरची तारीख सरळ घेता येते. १ जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख असेल तर आपल्या हिशोबाने एक वर्ष पुढे जाऊन बघायचं.

घरबसल्या सुरुवात करायची तर बोडलियनची पानं आणि केंब्रिजच्या पार्कर लायब्ररीचा संग्रह मोफत बघता येतो. ब्रिटिश लायब्ररीची चित्रं ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर टप्प्याटप्प्याने परत येत आहेत, तेव्हा हवी ती प्रत लगेच दिसेलच असं नाही. पार्करमधलं १८३ क्रमांकाचं पुस्तक आधी उघडा. त्यात दहाव्या शतकातला एथेलस्टन राजा मुकुट घालून, वाकून, संत कथबर्टला पुस्तक देतो आहे. इंग्लंडच्या राजाचं हे टिकून राहिलेलं सर्वात जुनं चित्र, आणि यात देणारा राजा आहे.